वांगं कुठलं, ते आधी सांगा!

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर तक्रार नको. सध्या माझ्याशी कुणीही पाच मिनिटं बोललं की विषय वांग्यावर येतो. लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत, सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा. घरचे कंटाळलेत. नवऱ्याने तर "आज भाजी काय?" हे विचारणंच सोडून दिलंय. पण मी तरी काय करू? पन्नाशी उलटेपर्यंत जिला 'दुसरं काही नसेल तेव्हाची भाजी' समजत आले, तिच्या पोटात एवढं काही दडलेलं असेल हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

निमित्त झालं मामांनी दिलेल्या बियाच्या पुडीचं. माझे मामा यावल तालुक्यातले. जळगाव जिल्ह्यातला हा पट्टा भरिताच्या वांग्यांचा. बामणोदचं नाव तर खानदेशात पोराटोरांना ठाऊक. मोठं, फिकट हिरवं, अंगावर पांढरट रेघा असलेलं ते वांगं. थंडी पडली की शेतात कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यात वांगी भाजायची, ठेचायची आणि कळण्याच्या भाकरीबरोबर किंवा पुरीबरोबर हाणायची. हे सगळं मला लहानपणापासून माहीत. माहीत नव्हतं ते एवढंच, की मामांच्या शेतातलं बी दुकानातलं नसतं. ते त्यांच्या वडिलांनी धरलेलं, मग मामांनी धरलेलं, आणि दरवर्षी नव्याने निवडलेलं.

कसं निवडतात, ते ऐका. चांगली दिसणारी झाडं हेरून त्यांना चिंधी बांधायची. प्रत्येकाचं एकेक वांगं भाजून खायचं. ज्याची साल सरसर निघते, गरात बिया कमी लागतात, देठाला काटे कमी असतात, त्याच झाडावर पुढची दोन-तीन वांगी पिकून पिवळी होईपर्यंत राखायची. बी त्यांचंच. बाकीच्यांची चिंधी सोडून टाकायची. मी म्हटलं, "मामा, अहो हे तर संशोधन झालं!" ते म्हणाले, "संशोधन कसलं, चांगलं खायला लागतं म्हणून."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी तरी वेगळं काय केलं होतं? १९८३ साली पटेल-३ या भाताच्या शेतात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या काढल्या, वर्षानुवर्षं बी धरलं आणि त्यातून एचएमटी तांदूळ आला. तांदळाची ती गोष्ट आपण वर्तमानपत्रात वाचतो, भारावतो आणि पान उलटतो. तशीच माणसं वांग्यातही आहेत, आपल्याच नात्यागोत्यात आहेत, हे मात्र लक्षात येत नाही.

तर मामांचं बी मी पुण्यात गच्चीवर लावलं. झाडं झाली, वांगीही लागली. पण ती मामांच्या शेतातल्यासारखी नव्हती! लहान होती, बियाही जास्त, साल जाड. मामांना फोटो पाठवला तर म्हणाले, "माती-पाणी आमचं नाही ना तिथं." आणि तिथेच माझ्या डोक्यात किडा शिरला. माती-पाण्याचं किती आणि बियाचं किती? हेच बी सांगलीला गेलं तर? कोकणात गेलं तर? आणि तिकडची वांगी यावलच्या उन्हात आली तर?

नातेवाईक कशासाठी असतात? माझी आत्या सांगलीकडे, कृष्णाकाठी. तिथल्या मळीच्या जमिनीतली काटेरी देठाची वांगी म्हणजे काय चीज आहे ते ज्याने खाल्लंय त्यालाच कळेल. मावसभाऊ रत्नागिरी जिल्ह्यात, त्याच्या वाडीच्या शेजारी एका आजींचं जुनं वाण. जाऊबाईंचं माहेर अमरावतीकडचं, तिथलं झुपक्याने लागणारं गर्द जांभळं. तुलनेला मांजरी गोटा घेतला, तो आमच्या पुण्याचा, मांजरी गावच्या नावाचा, जांभळ्यावर पांढऱ्या रेघांचा. दुकानातला एक संकरित वाणही ठेवला. आत्याला फोन केला तर ती हसायलाच लागली. "आगं, मळीतल्या वांग्याचं बी तुझ्या गच्चीत? तिथं काय नदी येतीया व्हय?"

सगळ्यांकडे सगळंच लावायचं असं माझ्या मनात होतं. भाची कृषी पदवीला शिकते, तिने मला खाली बसवलं. "मावशी, मामाआजोबांना सहा वाणांची रांग लावायला सांगशील, पहिल्यापासून सहाव्यापर्यंत क्रम विचारशील, आणि ते सांगतील 'सगळी बरी आहेत'. मग काय करशील?" आणि तिने मला ट्रायकॉट सांगितलं. त्या रात्री मला झोप आली नाही, हे अतिशयोक्ती न करता सांगते.

कल्पना इतकी साधी की आपल्याला का नाही सुचली असं वाटावं. वाण कितीही असू देत, एका घरी तीनच द्यायचे. नावं झाकायची, पुड्यांवर फक्त क, ख, ग. दुसऱ्या घरी वेगळे तीन, तिसऱ्या घरी आणखी वेगळे, पण काही वाण एकमेकांत सामायिक राहतील अशी वाटणी करायची. प्रत्येकाला फक्त एवढंच विचारायचं: सगळ्यांत चांगलं कुठलं, सगळ्यांत वाईट कुठलं? मधलं आपोआप मधे राहतं. जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात प्रत्येक मल्ल प्रत्येकाशी लढत नाही, तरी संध्याकाळी गावाला बरोबर कळलेलं असतं की कोण किती पाण्यात आहे; तसंच हे. अर्धवट निकाल एकत्र जोडून पूर्ण क्रम लावण्याचं गणित आहे, आणि ते कागदावरचं नाही. संशोधक याकोब फान एटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातला गहू, इथिओपियातला गहू आणि निकाराग्वातला घेवडा अशा बारा हजारांहून जास्त शेतकऱ्यांच्या तुकड्यांवरचे निकाल २०१९ मध्ये प्रसिद्ध केले. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात, स्वतःच्या पद्धतीने लावायचं, स्वतःच्या डोळ्यांनी ठरवायचं. शिवाय त्या तुकड्याचं ठिकाण आणि पेरणीची तारीख माहीत असली की त्या हंगामातलं तापमान आणि पाऊस निकालाला जोडता येतो. म्हणजे 'कोण पहिलं' एवढ्यावर न थांबता 'कुठल्या हवेत कोण पहिलं' हे विचारता येतं!

आमच्या मूठभर घरांच्या निकालाला भाची आकडेवारी म्हणू देत नाही. "ही चुणूक आहे मावशी, पुरावा नाही." बरं बाई, चुणूक. पण काय चुणूक!

मृगाच्या सुमारास सगळीकडे रोपं टाकली. पुढचे काही आठवडे फोनवर नुसती रोपांची छायाचित्रं. आणि मग फुलं आली.

वांग्याचं फूल तुम्ही कधी नीट पाहिलंय? मी पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं कुंडीत मिरच्या, टोमॅटो, वांगी लावत आले, आणि फूल म्हणजे जांभळं चांदणीसारखं काहीतरी, एवढीच माझी समज. भाचीने भिंग आणून दिलं. मधोमध पिवळ्या परागकोशांचा सुळका असतो आणि त्यातून स्त्रीकेसराची दांडी वर येते. पण ती सगळ्या फुलांत सारखी नसते! काही फुलांत दांडी परागकोशांच्या वर डोकं काढून उभी, काहींत बरोबरीला, आणि काहींत इतकी आखूड की आतच दडलेली. फळ धरतं ते मुख्यतः लांब आणि मध्यम दांडीच्या फुलांना. आखूड दांडीची फुलं दिसायला छान, येतात आणि गळून जातात. एकाच झाडावर तिन्ही प्रकार! वाणागणिक, हंगामागणिक, झाडाच्या पोटाला किती मिळतंय त्यानुसार त्यांचं प्रमाण बदलतं. फुलं एवढी येतात आणि वांगी का लागत नाहीत, या आमच्या गच्चीवरच्या जुन्या कोड्याचं अर्धं उत्तर भिंगाखाली असं समोर उभं राहिलं.

उरलेलं अर्धं तर त्याहून भारी. ते परागकोश शेंगेसारखे उभे फाटत नाहीत. टोकाला बारीक छिद्रं असतात आणि पराग आत कोंडलेले. ते बाहेर काढायला फूल थरथरवावं लागतं. काही माशा आणि भुंगे फुलाला मिठी मारून, पंख न हलवता नुसते अंगाचे स्नायू थरथरवतात. तो मोठा गुणगुण आवाज ऐकू येतो आणि पराग फवाऱ्यासारखा बाहेर पडतो. पेटीतल्या सातेरी मधमाशीला हे जमत नाही. निळ्या पट्ट्यांची एकटी राहणारी माशी आणि आपला तो काळा लठ्ठ लाकूड पोखरणारा भुंगा यांना मात्र जमतं. आमच्या गच्चीवर भुंगे कुठले? मी विजेवर चालणारा दात घासायचा ब्रश देठाला टेकवला. काळ्या कागदावर पिवळी धूळ! मी किंचाळले. शेजारचे काका कठड्यावरून डोकावले, "पडलात का वहिनी?"

आत्याकडे आणि मामांकडे असले ब्रशचे लाड लागले नाहीत. बांधावर झाडं आहेत, पडक्या भिंती आहेत, भुंगे आहेत. म्हणजे वाणाची परीक्षा घेताना आपण हवा, माती, पाणी धरतो, पण त्या जागेवर भुंगा आहे का हे कोण धरतं? माझ्या मते धरायला हवं.

आता कोकण. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जांभ्याची आंबट माती. जळगावकडे पाऊस त्याच्या चौथाईच्या आसपास, काळी जमीन, मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकणारा. फरक पडणार हे कुणीही सांगेल. पण तो कसा पडला, हे बघा. मावसभावाचा फोन आला. "सकाळी बरं होतं गो झाड, दुपारी बघतो तर मान टाकलान. पानं हिरवीगार!" पिवळं न पडता, किडा न दिसता, हिरवं झाड उभ्या उभ्या कोमेजलं. दुसऱ्या दिवशी त्याच पुडीतलं दुसरं. भाचीने लगेच त्याला व्हिडिओ कॉल लावायला लावला. "मामा, जमिनीलगत खोड काप. काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घे. कापलेलं टोक पाण्यात बुडेल असं धर आणि हलवू नकोस."

आम्ही सगळे आपापल्या घरातून श्वास रोखून त्या पेल्याकडे बघत होतो. थोड्या वेळाने खोडाच्या टोकातून पांढरट, दुधाळ धागा हळूहळू खाली उतरायला लागला. मग आणखी एक. ते धागे म्हणजे जिवाणू! राल्स्टोनिया सोलॅनेशिअरम. मातीत राहतो, मुळांतून शिरतो, झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत वाढून त्या तुंबवून टाकतो. पाणी आहे, पण वर पोचत नाही. म्हणून हिरवं झाड तहानेने मरतं. उष्ण, ओली, आंबट माती त्याला मानवते, म्हणून कोकण, गोवा, केरळ, ओडिशा इथे वांगी-टोमॅटो लावणाऱ्यांचा हा जुना वैरी. फवारून तो जात नाही. एका पेल्यात, साध्या पाण्यात, आंधळ्या नळीतला शत्रू डोळ्यांना दिसावा, हे मला अजून खरं वाटत नाही.

आणि त्याच वाफ्यात, हातभर अंतरावर, आजींच्या वाणाची झाडं ताठ उभी. तीच माती, तोच पाऊस, तेच शेणखत. कुणी त्यांच्यात काही घातलेलं नव्हतं. आजींनी आणि त्यांच्या आधीच्यांनी जे झाड मेलं त्याचं बी धरलं नाही, जे वाचलं त्याचं धरलं. त्याच आंबट मातीत, पिढ्यान् पिढ्या. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने या मर रोगाला तोंड देणारे अर्का निधी, अर्का केशव असे वाण काढले आहेत, त्यांचं काम मोठंच आहे. पण आमच्या आजींनाही एखादं प्रमाणपत्र द्यायला हरकत नसावी.

मावसभावाच्या निकालात 'सगळ्यांत वाईट' होता 'ख'. भाचीने यादी उघडली. ख म्हणजे मामांचं भरिताचं वांगं! मामांना कोण सांगणार? मीच सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही बोलणंच नाही. मग म्हणाले, "आणि ते कोकणातलं टिकलं?" टिकलं, म्हटलं. "मग त्याचं बी पाठव इकडं." मला मामांचा इतका अभिमान वाटला!

ते त्यांच्याकडे दुसऱ्या पुडीत आधीच पोचलेलं होतं. पण नावं झाकलेली ना! आणि यावलमध्ये काय झालं त्याचं? थंडी पडली तसं ते हिरमुसलं. फुलं थोडी, फळं बुटकी. मामांनी त्याला बिनदिक्कत शेवटचा नंबर दिला होता. कोकणात पहिलं ते खानदेशात शेवटचं आणि खानदेशात पहिलं ते कोकणात शेवटचं! मी हे आमच्या बँकेतल्या कॅशियरलाही सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, सही राहिलीय."

जांभळ्या वऱ्हाडी वांग्याची गंमत वेगळीच. कोकणातल्या ढगाळ दिवसांत ते फिकं पडलं. मला वाटलं बी मिसळलं. भाची म्हणाली, "देठाची ती हिरवी टोपी उचलून बघ." उचलली. खालची साल पांढरी! बऱ्याच वाणांत सालीचा जांभळा रंग उजेड लागल्यावरच भरतो. झाकलेल्या जागी नाही. आज बाजारातून वांगी आणाल तेव्हा टोपी उचलून बघाच, मी थांबते.

आणि कृष्णाकाठचं? त्याची मला आधी कीव आली. सांगलीत पहिलं, ते ठीक. पण बाकी सगळीकडे मधलं. यावलला मधलं, पुण्यात मधलं, अमरावतीकडे मधलं. कुठे चमकलं नाही, कुठे पडलं नाही. भाचीच्या डोळ्यांत मात्र चमक. तिने वही ओढली आणि एक आकृती काढली. इथे थोडं गणित आहे. ज्यांना नको त्यांनी पुढच्या परिच्छेदावर जावं, मला मात्र ते सोडवत नाही.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या फिन्ले आणि विल्किन्सन या दोघांनी बार्लीचे २७७ वाण वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या हंगामांत लावले आणि १९६३ साली ते निकाल प्रसिद्ध केले. आता जागा चांगली की वाईट हे मोजायचं कसं? पावसावरून? मातीवरून? उन्हावरून? कशाकशाची मोजदाद करणार? त्यांनी काय केलं, तर प्रत्येक जागी सगळ्या वाणांचं मिळून सरासरी उत्पन्न काढलं आणि तेच त्या जागेचं माप धरलं. जागा कशी आहे, हे झाडांनाच विचारलं! मग एकेका वाणाची रेघ काढायची: जागा सुधारत जाते तसं हे वाण किती सुधारतं? काहींची रेघ खडी चढते. चांगल्या जागी राजा, वाईट जागी भिकारी. काहींची जवळजवळ आडवी. कुठेही फार नाही, पण कुठेही हात रिकामा नाही. तीन वर्षांनी एबरहार्ट आणि रसेल यांनी त्यात भर घातली, की वाणाचे निकाल त्याच्या स्वतःच्या रेघेपासून किती भरकटतात तेही बघा, म्हणजे भरवशाचं कोण ते कळेल. आजही कृषी विद्यापीठांतल्या कितीतरी प्रबंधांत ही रेघ असते.

कृष्णाकाठच्या वांग्याची रेघ तशी आडवी निघेल असा भाचीचा अंदाज. ज्याच्याकडे एकच वाफा आहे, पाण्याची खात्री नाही, त्याने काय लावावं? माझ्या मते हे मधलं. बक्षीस पहिल्याला मिळतं, पण घर मधल्यावर चालतं. मात्र माझी एक शंका आहे आणि ती मी भाचीलाही बोलून दाखवली. या रेघेत जागांची एकच शिडी आहे: खाली वाईट, वर चांगली. कोकणातला तो पेला त्या शिडीवर कुठे बसवणार? मामांच्या वांग्याला ती जागा स्मशान, आजींच्या वांग्याला माहेर. सरासरी काढली तर दोन्ही पुसलं जातं. भाची म्हणाली, "म्हणून तर रोगाचा रकाना वेगळा ठेवायचा." ठेवला.

शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीवर मी इथे लिहीत नाही. तिने सगळ्या गावांत, सगळ्या वाणांना सारखाच न्याय दिला. सुकलेले शेंडे वेळच्या वेळी खुडून नष्ट करणं आणि कामगंध सापळे लावणं, एवढं ज्यांनी केलं त्यांची वांगी वाचली. झालं.

चवीचं मात्र सांगायलाच हवं. थंडीत सगळ्यांनी आपापल्या घरी तिन्ही वांगी भाजली. आम्ही शहरातले गॅसवर, मामा कपाशीच्या काड्यांवर, त्यामुळे घराघरांची बरोबरी करायची नाही, एका घरातल्या तिघांचीच करायची असं ठरलं. आणि निकाल उलटापालटा! आत्याकडे मामांच्या वांग्याने उत्पन्नात मार खाल्ला होता, फळंही यावलपेक्षा लहान. पण भरीत झाल्यावर आत्याने ताट चाटून पुसून ठेवलं. तरी कबूल करेल ती आत्या कसली! "चव हाय. पण भरली वांगी ह्याची करून दाव मला." आणि ती बरोबर होती. त्या मऊ, पाणीदार गरात मसाला भरून रस्सा केला तर वांगं विरघळून जातं. भरल्या वांग्याला तिचं ते लहान, घट्ट, काटेरीच हवं. म्हणजे 'चांगलं कुठलं' या प्रश्नाला 'कुठे' जोडून भागत नाही, 'कशासाठी' हेही जोडायला लागतं. आम्ही पुढच्या खेपेच्या कागदावर तो रकाना वाढवलाय: भरीत, भरली, रस्सा, काप.

सरकारी यंत्रणा असलं काही करतच नाही, असं समजू नका. भाजीपाल्याचा अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्प १९७०-७१ पासून चालू आहे, आता तो वाराणसीच्या संस्थेतून चालतो. देशाचे आठ विभाग करून नवे वाण ठिकठिकाणी लावून बघतात आणि विभागवार शिफारस करतात. त्या शिफारशी वाचायची सवय आपल्यालाच नसते. पण त्या रांगेत मामांची पुडी कोण नेऊन उभी करणार? अहमदाबादला २००० साली सुरू झालेलं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान शेतकऱ्यांनी काढलेले वाण शोधून विद्यापीठांत आणि कृषी विज्ञान केंद्रांत तपासायला देतं; दादाजींचा सन्मानही त्यांनीच केला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियांची बँक उभी केली, २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. माणसं आहेत, वाटा आहेत. दोघांची गाठ पडायला हवी.

भौगोलिक मानांकनाबद्दल माझं जरा वेगळं मत झालंय. उडुपीजवळच्या मट्टू गुळ्ळाला २०११ मध्ये ते मिळालं, जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये, गोव्यातल्या आगशीच्या वांग्याला २०२३ मध्ये. आनंदच आहे. नाव राखलं गेलं, बाजारातली फसवणूक थोडी रोखली जाईल. पण त्या नावात बियाचा वाटा किती आणि मातीचा किती, हे मानांकनाच्या कागदावरून कळत नाही. त्यासाठी बी बाहेर पाठवूनच बघावं लागतं. मामांच्या वांग्याची चव सांगलीपर्यंत गेली, आकार गेला नाही. म्हणजे चवीतलं बरंचसं बियात असावं आणि आकारातलं बरंचसं यावलच्या मातीत आणि थंडीत. चुणूकच हं, पुरावा नाही!

आता तुमच्याकडे येते. तुमच्या घरात, माहेरी, आजोळी कुणी वांग्याचं बी धरत असेल तर या हंगामात ते मागून घ्या. वांग्यात परपरागीभवन बऱ्यापैकी होतं, शेजारी दुसरं वाण असेल तर बी मिसळतं. म्हणून चांगल्या झाडाच्या दोन-चार कळ्यांना उमलण्याआधीच मलमलची लहान पिशवी बांधा, फूल आल्यावर देठ हळूच टिचक्या मारून हलवा आणि फळ धरलं की पिशवी काढून दोरा बांधा. ते वांगं पिवळं पडेपर्यंत तोडू नका. गर पाण्यात कुस्करा, तळाला बसेल ते बी घ्या, तरंगेल ते टाका, सावलीत वाळवा आणि कागदाच्या पुडीत ठेवा. पुडीवर गाव, जमीन कशी, कुणी किती वर्षं राखलं आणि घरात त्याचं काय करतात एवढं लिहा. मग वेगवेगळ्या हवेतल्या तीन घरांना द्या आणि त्यांच्याकडून तिथली घ्या. भीती नको: बी राखणं, पेरणं, वाटून घेणं, देवाणघेवाण करणं हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात लिहिलेला आहे, ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही एवढीच अट. शेतकऱ्याला आपलं वाण नोंदवायला फीही लागत नाही.

रोपं मृगात टाकायची, तेव्हा पुड्या त्याआधी पोचायला हव्यात. एक पुडी मात्र स्वतःजवळ ठेवाच.